खिडकीकडचा पाय

३ जून

काका,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा. पाकिटावरचा पत्ता बघून दचकू नका, मी खरंच घरी आहे. भिंगरी घरी, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुम्ही ओळखलंच असेल. फोन केला असता, पण फरशी कापायच्या मशीननं तुमचे कान कधीच खाल्लेत. मागच्या वेळी मी फोनवर पंधरा मिनिटं ओरडले आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं, मग ठेवतो, कोण होतं ते कळलं नाही."

दादाचं वहिनीनं कळवलंच आहे तुम्हाला. चार महिने झाले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. मी तेव्हा फळं भरायच्या गोदामात होते. तिथे एक बाई होती, ती नुसत्या वासावरून सांगायची की पेटीत तळाला एक फळ सडकं आहे, आणि पेटी उघडली की निघायचंच. मी तिच्याकडून ते शिकणार होते. तेवढ्यात वहिनीचा निरोप आला.

दादा मागच्या खोलीत असतो. समजतं त्याला सगळं, असं आम्ही धरून चाललोय. डाव्या हातात स्टीलचा चमचा दिलाय. खाटेच्या लोखंडी कठड्यावर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. वहिनीची धुलाई कारखान्यातली पाळी असते तेव्हा मी आणि तो चमचा, असे दोघंच बोलत बसतो.

आता मुद्दा. (बघा, एका पानात आले मुद्द्यावर.) दादाच्या कारखान्यातल्या लोकांनी मिळून त्याला माशांची टाकी पाठवली. मोठी आहे, दोनशे लिटरची, खाली लोखंडी स्टँड, वर जाड फळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हलतं काहीतरी डोळ्यांसमोर असू द्या. तीन मासे आहेत. दोन सोनेरी, आणि एक काळा, बटाट्यासारखे डोळे बाहेर आलेला. तो नुसता इकडून तिकडे फिरत दोघांवर नजर ठेवतो, म्हणून त्याचं नाव मुकादम.

पण काका, स्टँड डुगडुगतंय. खिडकीकडचा मागचा पाय फरशीला टेकतच नाही. पाणी भरलं तर डावीकडे काठापासून दोन बोटं खाली आणि उजवीकडे एक बोट. आणि समोर खाटेवर कोण पडलाय? जन्मभर ज्यानं मशिनं लेव्हलला बसवली तो माणूस. केसाइतका फरक असला तरी जेवायला न उठणारा. तो दिवसभर ती तिरकी पाण्याची रेघ बघतोय आणि त्याला उठून एक पाचर मारता येत नाही. मला हे बघवत नाही. घरात पाचर मारायला मी एकटीच आहे, आणि मला तर चित्राची चौकटही सरळ टांगता येत नाही.

कसं करू, सविस्तर लिहा. मला काहीच येत नाही असं धरून लिहा.

तुमची,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. फळवाल्या बाईचं वाचून झाल्यावर कामाचं सापडलं.

पहिली गोष्ट, टाकी भरलेली असताना हात लावू नकोस. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो नुसतं पाणी. चारातले तीन वाटे पाणी काढ. मासे बादलीत ठेव. पाचर स्टँडच्या पायाखाली जाते, टाकी आणि फळी यांच्यामध्ये कधीही नाही. तिथे पाचर घातलीस तर काचेचा सगळा भार त्या एका ठिकाणी येईल आणि तळ तडकेल. काच आणि फळी यांच्यात फोमची अखंड चादर पाहिजे, ती आहे का बघ.

लेव्हल बघायची पाणसळ दादाच्या पेटीत असेल. ती आधी एकदा ठेवून बुडबुडा बघ, मग पाणसळ उलटी फिरवून त्याच जागी ठेव आणि परत बघ. दोन्ही वेळा सारखंच सांगितलं तर ती खरी. माणसाचंही तसंच असतं. लांबीत बघ, मग आडवी बघ. जो पाय अधांतरी आहे त्याखाली पाचर सरकव, ठोकू नकोस. पाणी अर्धं भर, थांब, परत बघ, मग पूर्ण भर.

एक सांग. टाकी नक्की कुठल्या कोपऱ्यात ठेवली आहे? दाराकडच्या की खिडकीकडच्या?

दादाला माझा आशीर्वाद सांग. त्याचा चमचा वाजतो म्हणतेस ते बरं आहे.

काका

१७ जून

काका,

केलं! सगळं तुम्ही सांगितलं तसं. मधे थोडं इकडे तिकडे झालं, कारण बादलीतून मुकादम उडी मारून कपाटाखाली गेला आणि त्याला काढताना मला आपली जुनी सापशिडी सापडली. ती बघण्यात अर्धा तास गेला. मासा ठीक आहे.

दादाची पाणसळ काय सुंदर वस्तू आहे हो. लाकडी डबी, आत लाल कापड, आणि बुडबुडा असा नाजूक की मी जवळ श्वास सोडला तरी हलतो. वहिनी ती डबी कुणाला शिवू देत नाही. मी उघडली तेव्हा दादा डोळे मोठे करून बघत होता. उलटी फिरवून बघितली, दोन्ही वेळा सारखंच. पाणसळ खरी आहे. माणसांचं माहीत नाही.

पुठ्ठा आणि त्यावर लाकडाची पातळ ढलपी, अशी पाचर केली. बुडबुडा बरोबर मध्ये. मी दादाकडे वळून म्हटलं, "बसली की नाही?"

दोन ठोके.

मी म्हटलं, "अरे, तुझीच पाणसळ आहे, ये बघ." आणि मग जीभ चावली.

परत दोन ठोके. मी पाचर काढली, परत घातली, आडवी पाणसळ, उभी पाणसळ. दोन ठोके. वहिनी पाळीवरून आली, तिनं विचारलं, "अहो, बरोबर दिसतंय की आता?" तिलाही दोन. शेवटी तो इतका दमला की चमचा हातातून गळला. बुडबुडा मात्र मधोमध होता, आईशपथ.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा झटक्यानंतर काही जणांना सरळ काय आणि तिरकं काय हे कळेनासं होतं. त्याला भिंतसुद्धा कललेली दिसत असेल. त्याच्याशी वाद घालू नका. हे ऐकून वहिनी तिथेच बाकावर बसली. हात, पाय, बोलणं गेलं तेव्हा ती बसली नव्हती. तिला वाटत होतं, नजर तरी राहिली आहे.

टाकी खिडकीकडच्या कोपऱ्यात आहे.

आणि हो, आज पाचव्या दिवशी पाणी परत तिरकं दिसतंय. अगदी थोडं. माझा पुठ्ठा दबला असणार.

भिंगरी

२२ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पुठ्ठा कोणी सांगितला होता? पुठ्ठा ओला झाला की लगदा. कडक लाकडाची पाचर कर, धारेला पातळ, मागे जाड. नाहीतर फरशीचे तुकडे घे. मागच्या अंगणात माझे जुने पडलेले असतील.

टाकी खिडकीकडून काढ आणि दाराकडे आण. खिडकीच्या उन्हानं पाणी हिरवं होतं, काचेवर शेवाळ धरतं. दाराकडे बरं. हे लवकर कर.

दादाच्या ठोक्यांचं मनावर घेऊ नकोस. तो आजारी आहे. पाणसळ आजारी पडत नाही, तिचं ऐक.

काका

६ जुलै

काका,

दाराकडे नाही नेता येत. दादाची मान डावीकडेच वळते, आणि त्याच्या डावीकडे खिडकी आहे. टाकी दाराकडे नेली तर ती वहिनीला आणि मला दिसेल, त्याला दिसणार नाही. मग मासे पाळले कशाला? खाट फिरवावी म्हटलं तर दोन्ही भिंतींमध्ये ती अशी अडकलीय की आडवी होत नाही. उन्हाचं म्हणाल तर त्या खिडकीत ऊन येतं कुठे? समोर शेजाऱ्यांची भिंत आहे. ती तुम्हीच बांधलीत ना? विसरलात की काय.

लाकडाची पाचर झाली, सहा दिवस टिकली. फरशीचे तुकडे झाले, ते पाच दिवस टिकले. दर वेळी बुडबुडा मधोमध आणून ठेवते आणि दर वेळी दादा दोन ठोके देतो. मग आठवडाभरात पाणी खिडकीकडे झुकतं. खिडकीकडचा पाय. नेहमी तोच. मी आता झोपेतून उठले की आधी त्याच्याकडे बघते, दादाकडे नंतर. मी एका बोटीच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा तिथला आचारी कढई नेहमी अर्धीच भरायचा. म्हणायचा, बोटीला सरळ करता येत नाही, आपण रस्सा कमी ठेवायचा. मला वाटायचं आळशी आहे.

आता नवीनच सुरू झालंय. टाकीचं पाणी काढायची नळी असते ना, प्लॅस्टिकची, आरपार दिसणारी, चांगली पंधरा फूट आहे, न्हाणीपर्यंत पोचावी म्हणून घेतलेली. दादा चमच्यानं त्या नळीकडे दाखवतो. मग दाराकडे. परत नळीकडे, परत दाराकडे. मी म्हटलं, "पाणी घाण झालं? काढून टाकू?" तो काहीच वाजवत नाही, नुसता नळी, दार, नळी, दार. मग मी पाणी बदलते. नळी लावते, दारातून न्हाणीत सोडते, नवीन भरते. दुसऱ्या दिवशी परत नळी, दार. या आठवड्यात चार वेळा बदललं.

काल एक सोनेरी मासा वर आला, पोट वर करून. दुकानदार म्हणाला, "ताई, रोज पाणी बदललं की मासा धास्तावतो. कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणी सांगितलं म्हणून सांगू?

नळीचं काय असेल हो? तुम्हाला काही सुचतंय का? तुम्ही दोघं एकाच प्रकारची माणसं.

भिंगरी

११ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नळीचं ते पाण्याचंच असेल. नळाचं ताजं पाणी घालू नकोस, एक दिवस बादलीत ठेवलेलं घाल.

हात दुखतो, जास्त लिहीत नाही.

काका

२४ जुलै

काका,

तुमच्या पत्रात "पाण्याचंच असेल"च्या पुढे एक ओळ खोडलेली आहे. मी ती उजेडात धरून बघितली, आरशात बघितली, पाठीमागून बोट फिरवून बघितली. "उंबऱ्या" एवढंच लागलं. काय लिहीत होतात? मला एवढंच पुरेना म्हणून मी आणखी दोन दिवस त्यावर घालवले, हे तुम्हाला माहीत असावं.

दुसरा सोनेरीही गेला. मुकादम एकटा फिरतोय. कुणावर नजर ठेवायची ते त्याला कळेना.

गेल्या सोमवारी दादानं चमचा फेकला. जेवढा जोर होता तेवढा सगळा लावून. काचेपर्यंत पोचलाच नाही, मधेच पडला. मग तो रडला. काका, अर्ध्या चेहऱ्यानं रडताना माणूस कसा दिसतो ते मी लिहिणार नाही. मी नळी हातात घेऊन उभी होते आणि मला वाटत होतं की हा माझ्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, काहीतरी साधं सांगतोय, शेंबड्या पोरालाही कळेल असं, आणि नेमकी मीच समोर उभी आहे. जिनं शाळा अर्धी सोडली ती.

शेजारच्या आजोबांनी दार वाजवून सांगितलं की दिवसभर ठणठण ऐकून त्यांचं डोकं उठतं. वहिनीनं चमचा उचलून फडताळात ठेवला. म्हणाली, "दमतो तो, भिंगरी. आणि त्याला सरळ तिरकं कळत नाही हे एकदा ठरलंय ना? मग कशाला दिवसभर विचारायचं?" मी नळी गुंडाळून ठेवली. बोलायला हवं होतं का? आज पाच दिवस घर शांत आहे. दादा छताकडे बघतो. टाकीकडे बघत नाही.

पाणी परत खिडकीकडे बोटभर झुकलंय. मी पाचर घालणं सोडलं.

भिंगरी

२८ जुलै

भिंगरी,

आधी उठ आणि चमचा त्याला परत दे. मग पुढचं वाच.

दिलास?

त्याला सरळ तिरकं कळतं. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पाणसळ तुला सांगत होती की स्टँड आत्ता लेव्हलला आहे. तो तुला सांगत होता की जमीन खाली जाते आहे. जाणाऱ्या जमिनीवर बसवलेलं कितीही बरोबर असलं तरी त्याला तो बरोबर म्हणणार नाही, कारण तो मशिनं बसवणारा आहे. आणि नळीचं मला तुझ्या पहिल्याच ओळीला कळलं होतं. गवंडी ज्या नळीनं लेव्हल घेतो ती हीच. नळीत पाणी भरायचं, एक टोक इथे, दुसरं तिथे, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभं राहतं. तो म्हणत होता, एक टोक दाराच्या उंबऱ्याशी धर आणि दुसरं त्या कोपऱ्यात. उंबरा जुन्या भिंतीच्या पायावर आहे, तो हलत नाही. हेच लिहिलं होतं आणि खोडलं.

का खोडलं ते सांगतो. त्या खोलीच्या जागी आमचा चुना भिजवायचा खड्डा होता. पुरुषभर खोल. दादाचं लग्न ठरलं तेव्हा तुझे बाबा म्हणाले, मागे एक खोली काढू. खड्डा नीट भरायचा तर एक वीत मुरूम, वर पाणी, मग धुम्मस करून ठोकून दाबायचं, परत एक वीत, परत धुम्मस. महिन्याचं काम. आमच्या हाती नऊ दिवस होते. तुझे बाबा बाहेरगावी सामान बघायला गेले आणि मी खड्डा भरला. फुटक्या फरश्या, रिकामी खोकी, सिमेंटच्या गोण्या, एक वाळकं झाड, जे हाताला आलं ते. वर वीतभर माती, वर काँक्रीट, वर माझी फरशी. फरशी अशी घातली की गोटी ठेवली तरी हलणार नाही.

दादा तेव्हा कारखान्यात नवीन लागला होता. पाया, भराव, हे सगळं नुकतंच शिकत होता. त्यानं मला विचारलं, "काका, धुम्मस केली ना?" मी म्हटलं, "मला शिकवतोस?" त्यानं माझे पाय धरले. परत विचारलं नाही. पुढे लोकांना सांगायचा, काकांची फरशी आहे, तिथे पाणसळ लावायची नसते.

अठरा वर्षांत लाकूड कुजलं असेल, खोकी बसली असतील. त्यावर तुम्ही दोनशे किलो पाणी ठेवलंत. मी तुला ऊन सांगितलं, शेवाळ सांगितलं. तू लिहिलंस की डॉक्टरीणबाई म्हणतात त्याची नजर गेली, आणि मी लिहिलं, त्याच्या ठोक्यांचं मनावर घेऊ नकोस. माझी फरशी वाचावी म्हणून त्याची नजर गेली असं ठरू दिलं.

टाकी आजच रिकामी कर. उंबऱ्यापासून नळी लाव. मी फरशी उंबऱ्याच्या पाठीपासून तीन बोटं खाली घातली होती, चारही कोपऱ्यांत सारखी. खाटेच्या पायाशीही बघ.

हे पत्र त्याला वाचून दाखव. गाळू नकोस.

काका

६ ऑगस्ट

काका,

चमचा दिला. आधी तो दिला, मग पुढचं वाचलं, तुम्ही सांगितलं त्या क्रमानं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

टाकी रिकामी केली. वहिनीची सुट्टी होती, ती उंबऱ्याशी बसली, मी कोपऱ्यात. नळीत पाणी भरलं. दादाला दाखवलं. दोन ठोके. आता काय? तो नळीच्या मध्याकडे बघत होता. तिथे हवेचा एवढासा फुगा अडकला होता. मी नळीला टिचकी मारून मारून तो फुगा वर काढला. परत दाखवली.

एक ठोका.

काका, मी जिंकल्यासारखी ओरडले. या घरात लेव्हलच्या बाबतीत वाजलेला पहिला एक ठोका. वहिनीच्या हातातलं टोक खाली आलं की दादा तिला दोन ठोके देऊन दटावत होता आणि ती रडत हसत म्हणत होती, "अहो, धरलीय, धरलीय, किती ओरडता!" सहा महिन्यांनी ती त्याला असं म्हणाली. आम्ही तिघं चांगला अर्धा तास कामात होतो, आणि कुणी आजारी नव्हतं.

मग मी आकडे वाचून दाखवले. दाराकडे तीन बोटं. खाटेच्या पायथ्याशी साडेतीन. खाटेच्या उशाशी चार. खिडकीच्या कोपऱ्यात पाच आणि वर नखभर.

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आपण कशाला आनंदलोय. तो स्वतःच त्यावर निजलाय. तो टाकीसाठी चमचा वाजवत होता की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही. होय-नाहीत बसणारा प्रश्न नव्हता तो.

पत्र वाचलं. गाळलं नाही. "मला शिकवतोस" इथे मी थांबले, तर त्यानं एक ठोका दिला, पुढे वाच म्हणून. वाचून झाल्यावर मी विचारलं, "दादा, तुला माहीत होतं?" मग एक. "आधीपासून?" दोन. मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. काकांवर राग आहे का?

त्यानं चमचा छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. झोपला की काय ते कळलं नाही. चमचा वरखाली होत होता.

इमारतींचे इंजिनिअर येऊन गेले. भिंतीला गेलेला तडा बघितला, जमिनीवर टाचा आपटल्या. म्हणाले, "खोली वापरू नका." मी म्हटलं, "कधीपर्यंत?" ते म्हणाले, "वापरू नका." मी म्हटलं, "खालून भरून घेता येईल?" ते म्हणाले, "सगळी फोडावी लागेल, भिंतीसकट. तुमच्या घरात काम करणारं कोण आहे?" दादाकडे बघून त्यांनी तो प्रश्न परत घेतला.

खाट बाहेर निघत नव्हती. नटबोल्ट गंजलेले. शेजारचे आजोबा, तेच ठणठणवाले, पाना घेऊन आले आणि दोन तास न बोलता एकेक नट सोडवला. दादाला खुर्चीत घालून आम्ही तिघांनी पुढच्या खोलीत आणलं. पुढच्या खोलीत खाट मावते किंवा टाकी मावते. टाकी मागे तशीच आहे, कोरडी. स्टँडखाली माझ्या सगळ्या पाचरी एकावर एक. मुकादम काचेच्या बरणीत, स्टुलावर. बरणीत त्याला फक्त वळता येतं. दादा त्याच्याकडे बघतो आणि तो दादाकडे.

स्टूल डुगडुगत होतं. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला. पुठ्ठा लगदा होतो हे मला माहीत आहे. एक ठोका मिळाला.

एक राहिलं. तुम्ही लिहिलेली खोकी आणि गोण्या वाचून मला आठवलं. मी तेव्हा आठ वर्षांची. त्या खड्ड्याच्या काठावर एका पायावर गोल फिरत होते, भिंगरी हे नाव तेव्हाच पडलं असेल, आणि माझी एक चप्पल आत गेली. मार बसेल म्हणून मी दुसरीही टाकली आणि दोन्ही चोरीला गेल्या असं सांगितलं. म्हणजे त्या भरावात माझाही वाटा आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचा अर्धा चेहरा हसला.

तुम्ही येऊ नका. दोन गाड्या बदलाव्या लागतात, तुमचे गुडघे तसे, आणि येऊन काय करणार? करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी हे पत्र तेवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं, की येऊ नका.

तरी या.

भिंगरी

११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. उतरवून घ्यायला ये, पायरी उंच असते.

हत्यारं आणत नाही. वीस वर्षांपूर्वीचा मी असतो तर खोली फोडून दिली असती. आता थापी उचलली तर खांदा उतरतो. मागच्या खोलीत मला नेऊ नकोस. किंवा ने, बघू.

तू लिहिलंस, चमचा छातीवर ठेवला. मी ते पत्र चारदा वाचलं. रागावलेला माणूस चमचा छातीवर ठेवतो की नाही हे मला ठरवता आलं नाही. तूही ठरवू नकोस. मला आधीच काही कळवू नकोस.

मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून मी खाटेच्या कठड्यावर हात ठेवून बसेन. ठोका हाताला कळेल.

त्यानं तेव्हा मला एकदाच विचारलं होतं. मीही एकदाच विचारणार आहे. चमचा त्याच्या हाताशी असू दे.

काका